सगळ्यात वरची खूण

महाडला वेल्डिंगच्या दुकानात गेटची कडी घेऊन उभा होतो. पुढे एक मिस्त्री आणि एक तरुण. मिस्त्रीच्या हातात गाडीची जुनी टाकी, तरुणाच्या हातात काठी.

“राहील, अब्बांच्या स्पोर्ट्स कारला इंजिन नवीन टाकलंस, आता ही टाकी चालायची नाय. चढावर पेट्रोल मागं सरकतं, पंप हवा ओढतो, गाडी बंद.”

“पण दासगावला तर मस्त गेली, बुद्धरत्नभाऊ.”

“तो रस्ता सपाट हाय रे. नवीन टाकी बसव.”

“मग या काठीचं काय? पेट्रोलचा काटा बंद होता, अब्बा काठी बुडवून पेट्रोल बघायचे. ही खूण दासगावला जाण्यापुरती, ही पोलादपूरची. नवीन टाकीत सगळ्या चुकतील.”

“मग हीच ठेव. शेजारी छोटी टाकी जोडतो, ती कायम भरलेली असते. पंप तिच्यातून ओढंल.”

“छोटीतलं पेट्रोल काठीला कसं कळणार?”

“आण ती काठी. ही सगळ्यात वरची खूण कुठली?”

“महाबळेश्वरची.”

“तिथं नेलीवती अब्बांनी?”

“कधीच नाही. जुनं इंजिन आंबेनळी घाट चढायचंच नाही. खूण तेवढी करून ठेवली होती.”