एका घरात दोन टाइम

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात आईबाबा लॉकडाऊनमुळे आमच्याकडे इंग्लंडमध्ये ओंगारला अडकले होते ना, तेव्हाची गंमत. रेल्वेतून रिटायर झालेले बाबा दिवसभर यूट्यूबवर अमेरिकेतल्या जुन्या आगगाड्या बघायचे. मनगटावरचं घड्याळ मात्र भारताच्याच वेळेचं! त्यामुळे इथे दुपारचे अडीच वाजले, की त्यांना रात्रीचं जेवण हवं. माझे क्लायंट अमेरिकेतले, रात्रभर काम, त्यामुळे माझी सकाळ तेव्हाच उजाडायची.

एकदा बाबा आमटीची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि मी कॉफीसाठी आत घुसलो. धडक! अख्खी आमटी माझ्या शर्टावर, आणि मीटिंग पाच मिनिटांत.

सॉरी राहिलं बाजूला, बाबा खूशच झाले. "अरे, तिकडे अमेरिकेत पूर्वी अगदी अस्संच व्हायचं! प्रत्येक रेल्वे कंपनीचा टाइम वेगळा, मग गाड्या समोरासमोर!"

"मग काय केलं त्यांनी?" फरशी पुसता पुसता आईने विचारलं.

"काय करणार? शेवटी मोठ्या कंपन्यांनी मिळून एकेका भागात सगळ्यांचा एकच टाइम ठरवला."

आईने फडकं टाकलं, बाबांचं घड्याळ काढून घेतलं आणि कपाटात तुपाच्या बरणीमागे ठेवलं. "आजपासून मी हाक मारेन तेव्हा जेवायचं. दोघांनीही."

संध्याकाळी हाक आली. बाबांनी सवयीने मोकळ्या मनगटाकडे पाहिलं, उठले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "तिकडेही छोट्या कंपन्यांना कुणी विचारलं नव्हतं."