कोरडा दोर

राजश्री : ब्राह्मी, दोर कोरडा कसा गं?

ब्राह्मी : कुठला दोर, आई?

राजश्री : जिवाणीचा. पाय प्लॅस्टरात हाय, हात न्हाय. दाराआडचा दोर हितनं लागतोय हाताला. सकाळी पाणी गाळलंस, फडक्यावरची जिवाणी, ते बारके जीव, विहिरीत सोडायला गेलतीस न्हवं?

ब्राह्मी : गेलते की.

राजश्री : मग काठावरनंच ओतलंस? गडू दोरानं पाण्याला टेकवायचा आणि मग पालथा करायचा. वरनं पडलं की मरत्यात बिचारे.

ब्राह्मी : वरनं नाही ओतलं.

राजश्री : मग?

ब्राह्मी : ओतलंच नाही. आठ दिवस झाले, बाटलीत भरून बेळगावला नेते. कॉलेजात.

राजश्री : आणि मला रोज "सोडलं, आई" म्हणून सांगत हुतीस?

ब्राह्मी : लाज वाटती गं. तुझ्या तोंडाकडं बघवत नाही.

राजश्री : तितं काय करतीस त्यांचं?

ब्राह्मी : पोरांना प्रॅक्टिकलला दाखवते. स्टेंटर म्हणतात त्याला. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी, तरी टाचणीच्या टोकाएवढा. निळसर. आपल्या विहिरीत लई आहेत.

राजश्री : चाळीस वर्सं गाळतोय मी, नुसतं ठिपकं दिसत्यात. असतंय कसं ते?

ब्राह्मी : तुतारीसारखं. बुडखा शेवाळाला चिकटवून उभं राहतं. वर रुंद तोंड, काठाला बारीक केसांची झालर. ते केस हलले की पाण्याला भोवरा पडतो, खाणं तोंडात येतं. आणि आत केंद्रक, पेशीचा सगळा कारभार बघणारं. ते मण्यांच्या माळेसारखं ओवलेलं.

राजश्री : जपाच्या माळेवानी?

ब्राह्मी : तसंच.

राजश्री : अगं बाई! एवढ्याशा जिवात? आणि दाखवून झाल्यावर?

(ब्राह्मी बाटलीचं झाकण पुसू लागते.)

राजश्री : बोल की. तोंडात गुळणी धरलीस व्हय?

ब्राह्मी : ती माळ दिसावी म्हणून रंग घालते. रंगानं मरतात. आणि जरा धक्का लागला की ते अंग आखडून गोळीसारखे होतात. सगळे तसे आखडूनच मेले, आई. तुतारी एकाचीसुद्धा राहिली नाही. पोरं म्हणाली, मॅडम, नुसते डाग दिसतात.

राजश्री : म्हंजे दाखवायला मारलंस, आणि दिसलं बी न्हाय.

ब्राह्मी : पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. तरी नेत राहिले, एक तरी जमेल म्हणून. नवी नोकरी, पोरांसमोर हसं नको व्हायला.

राजश्री : मला इचारायचं हुतंस.

ब्राह्मी : तू नाही म्हणाली असतीस.

राजश्री : जितं बघायला कशाला न्हाय म्हणू? मला बी दाखवायचं हुतंस की गं. कुणासाठी गाळतोय ते बघितलं असतं एकदा.

ब्राह्मी : चुकलं माझं. लई चुकलं. आजचा गडू भरलेला आहे, तो आत्ताच सोडून येते.

राजश्री : माझी काठी दे.

ब्राह्मी : आई, पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी! मी सोडते की. तुझी शपथ.

राजश्री : शपथ नगं घालूस.

ब्राह्मी : मग काय करू, तूच सांग.

राजश्री : जा, ऱ्हावू दे काठी. पाण्याला टेकवून सोड.

ब्राह्मी : व्हय. आल्यावर सांगते तुला.

राजश्री : काय बी सांगू नगंस. आल्यावर दोर तेवढा माझ्या हातात दे.