गुडघ्याची गोळी

शनिवार पेठेतल्या पोटाच्या डॉक्टरांकडे काउंटरवरच्या बाईंनी फॉर्मसाठी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन नम्रता बाकावर बसली. शेजारी पानसे आजी-आजोबांचं जुंपलं होतं.

"दुर्बिणीत व्रण दिसलाय ना? मग औषध मी सांगतो. सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी आणि जेवणानंतर ते गुलाबी पातळ औषध. डॉक्टरांनी फक्त लिहून द्यायचं."

"मग आतल्या खुर्चीत तुम्हीच बसा ना."

"चेष्टा नको. दोन वर्षं पित्त काढलंय मी अंगावर."

"आणि रोजच्या गोळ्या विचारल्या तर?"

"काही नाही म्हणायचं."

"ती दुखण्याची लाल गोळी?"

"अगं, ती गुडघ्याची! इथे पोट दाखवायला आलोय. गुडघ्याच्या डॉक्टरांना पोटाचं सांगितलं होतं का मी?"

"नाही सांगितलंत. म्हणूनच इथे आलोय."

"उगाच काहीतरी."

"अहो, गिळता कुठून ती?"

"तोंडाने. म्हणजे काय?"

"मग पोट चुकवून गुडघ्याला कशी जाते? कात्रज बायपासने?"



"बरं. आत तूच सांग."

"मी कशाला? गोळी तुम्ही खाता. हे धरा, गोळ्यांचं पाकीट आणलंय मी."

"पानसे, आत या!"

दोघं आत गेली. नम्रता उठून काउंटरपाशी आली.

"मॅडम, मगाशी तुम्ही रोजच्या गोळ्या विचारल्यात, तेव्हा मी नाही म्हटलं."

"हो. मग?"

"एक आहे. डोकेदुखीची."