मोतीबिंदूचे दोनशे रुपये

हसायचं तर हसा, पण माझा डोळा भीतीपायीच जायची वेळ आली होती. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला, डावा आधीच अधू. वाडीतल्या सरकारी दवाखान्यातल्या ज्योत्स्नाबेन घरी येऊन सांगून गेल्या, "काका, मोठ्या इस्पितळात आठ दिवस खाट अडवू नका, सरकारला फार खर्च येतो. आपल्याकडे ऑपरेशन करा, संध्याकाळी घरी. वर दोनशे रुपये रोख."

शेजारचे बाबूराव म्हणाले, "रोख? अरे, सरकार ऑपरेशनचे पैसे हातात देतं ते फक्त नसबंदीचे. डोळ्याचं नुसतं निमित्त. जाऊ नकोस."

मला पटलं. दोन महिने चाचपडत हिंडलो. मग एका दुपारी भलत्याच घरात शिरून मी जेवायला वाढ म्हणालो. त्या बाईंनी वाढलंही, पण आमच्या हिला कळलं. ती म्हणाली, "उद्या जाताय की धरून नेऊ?"

गेलो. टेबलावर आडवा झालो, पण दोन्ही हातांनी धोतर गच्च धरलेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, हात बाजूला घ्या."

"साहेब, डोळ्यापुरतंच ना?"

"मग आणखी काय?"

मी हळूच बाबूरावांचं म्हणणं सांगितलं. नर्स भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरांनी शांतपणे माझा कागद वाचला.

"वय त्र्याहत्तर. काका, त्या ऑपरेशनचे सरकार तुम्हाला चार आणेही देणार नाही."

तेव्हा कुठे माझे हात सैल झाले.