खिडकी लावली तरी आवाज तेवढाच

आमचं मूळ बिदरच्या बाजूचं. आजोबांची तुरीची अन् जवारीची शेती, निजामाच्या काळापासूनची, पण वडील नोकरीला म्हणून हैदराबादला आले अन् इथलेच झाले, माझा जन्म गौलीगुड्यातला. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात इथली उर्दू, त्यामुळं माझी बोली ही अशी खिचडी आहे. माझी सून पुण्याची, मेघना, ती लग्न होऊन आली तेव्हा मी म्हणलं, मला चहा होणा, तर ती नुसती बघतच राहिली, आई, होणा म्हणजे काय. म्हणलं, होणा म्हणजे पाहिजे, ग बाई. तुम्ही तिच्या मैत्रीण, म्हणून सांगते, लिहिताना माझं बोलणं फार नीटनेटकं करू नका, नाहीतर वाचणाऱ्याला वाटंल दुसरंच कोणी बोलतंय.

तर तुम्ही विचारलं की मावशी, ऐकण्यासारख्या कॅसेटी सांगा, सगळ्या तऱ्हेच्या. सांगते की. माझा जन्मच त्यात गेला. सुलतान बाजारात माझ्या काकाचं कॅसेटीचं दुकान होतं, कापडाच्या दोन दुकानांमधी दबलेलं, आत दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं फुटपाथवर उभं राहायचं. काकाला मूलबाळ नव्हतं. दहावी झाली अन् मी गल्ल्यामागं बसले. बाईमाणूस कॅसेटी विकतं म्हणून लोक आधी बघायला यायचे, मग विचारायला यायला लागले. लग्न झालं तरी घरचे आमचे मालक म्हणले, जायचं तर जा, तू घरी बसलीस तर मलाच गाणी ऐकवशील. चांगले होते हो. आता नाहीत ते, सहा वर्षं झाली.

काकानं मला एकच शिकवलं. गिऱ्हाइकाला तुला काय आवडतं असं विचारायचं नाही, कारण ते त्याला माहीत नसतं. कुठं ऐकणार ते विचार. गाडीत ऐकणार, की घरी, घरात म्हातारं माणूस आहे का, लेकरू झोपायचं आहे का. ट्रकवाला आला की त्याला मी कव्वाली द्यायची, दोन कॅसेटींची जोडी, कारण कव्वाली डोळा लागू देत नाही. कॉलेजातल्या तेलुगू मास्तरणीला दर पंधरा दिवसाला नवी गजल लागायची, शब्द मी समजावून सांगायची, जे मला समजले ते. बुरख्यातली एक बाई यायची, तिला शब्दच नको असायचे, खाली वाजवणं होणा म्हणायची, खाली म्हणजे नुसतं, तिला मी इंग्रजी पियानोची दिली, मग सारंगीची. मला स्वतःला इंग्रजी ओ की ठो येत नाही, पण पियानोला कुठं इंग्रजी येतं. असं सगळं मी ऐकलं, दिवसभर, छत्तीस-सदतीस वर्षं, अन् मोठ्यानं, कारण बाहेर बसचे हॉर्न. ते मोठ्यानं ऐकणंच पुढं भोवलं. मग सीडीच्या चकत्या आल्या, मग फोन आला, काका गेला अन् दुकान बंद झालं.

आता जे सांगते ते सांगताना अजून माझे हात गार पडतात. बघा, हात लावून बघा.

दोन वर्षं झाली. अंबरपेठेतलं हे घर, पोरगा अन् सून ऑफिसला गेलेले, मी इथंच खाली बसून मेथी निवडत होते. अन् शेजारी कव्वाली लागली. चांगली होती, माझ्या ओळखीची, मी विकलेली. म्हणलं, कुणी बाई आपल्या आवडीचं लावलं. पण संपेचना. एकच तुकडा, टाळ्या, टाळ्या, परत तोच तुकडा, जशी टेप अडकते तशी. तासभर झाला. बेजार झाले, उठले अन् खिडकी लावली.

आवाज तेवढाच.

मी दुसरी खिडकी लावली, दार लावलं. तेवढाच. मग मी काय केलं, दोन्ही कानात बोटं घातली. काय सांगू तुम्हाला, ताई, बोटं घातली तरी तेवढाच, जरासुद्धा कमी नाही. मी तिथंच मेथीच्या पाल्यावर बसले. बाहेरचं नाही हे कळलं. आतलं आहे, अन् आतल्याला बटण कुठं असतं.

तुम्ही म्हणाल, गाणंच तर होतं, घाबरायचं कामून. कामून ते सांगते. माझी एक आत्या होती, काशीआत्या, गावाकडं राहायची, नवरा लवकर गेलेला. तिला वाजंत्री ऐकू यायची. दुपारी उठून अंगणात यायची अन् म्हणायची, कुणाच्या घरी लग्न आहे, वाजंत्री वाजूलालीय. लोक म्हणले लागीर झालं. दर्ग्याला नेलं, भगताकडं नेलं, भगतानं मिरच्यांची धुरी दिली. काही झालं नाही, तर मग गोठ्यामागच्या खोलीत ठेवली. कोणी तिच्याशी बोलेना. मी नऊ वर्षांची, उन्हाळ्यात गावी गेले की तिची भाकरी घेऊन मला पाठवायचे, कारण मोठी माणसं जायची नाहीत. एकदा तिनं माझं मनगट धरलं, अन् म्हणली, सुलू, तुला ऐकू येऊलालंय का ग. मी नाही म्हणलं, हात सोडवला अन् पळाले, भाकरी तिथंच पडली. दोन वर्षांनी ती त्याच खोलीत गेली.

तर माझ्या मनात एकच आलं. आता माझी पाळी.

कुणाला सांगितलं नाही. रोज दुपारी व्हायला लागलं, कधी कव्वाली, कधी सनई, कधी तेलुगू लोकांच्या लग्नातला नादस्वरम्, एकदा तर पियानो आठ दिवस. मी चोरून तपासायची. भाजीवालीला विचारलं, कुठं लग्नाचा ढोल-मर्फा वाजतोय का ग, ती म्हणली, लेदम्मा, काही नाही. अन् माझ्याकडं जरा बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं, आत्याकडं बघायचे तसलं. मग विचारणं बंद केलं. मी पुटपुटायला लागले, पुरे, पुरे, बंद कर. एक दिवस मेघना घरून काम करत होती, दारात येऊन म्हणली, आई, कुणाशी बोलताय. म्हणलं, देवाशी. ती लगेच गेली नाही, दारातच उभी राहिली. मला रात्रंदिवस तेच, हिला कळलं, ही पोराला सांगणार.

अन् मग तो फोन. ती आतल्या खोलीत पोराशी बोलत होती, अन् मला एवढंच ऐकू आलं, आईला तिथंच ठेवायचं, जागा चांगली आहे. मी हातातला तांब्या खाली ठेवला. तिथंच म्हणजे कुठं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वेड्यांच्या दवाखान्याची भिंत मी बसमधून कितीदा बघितली होती.

दुसऱ्या दिवशी ते दोघं गेल्यावर मी पिशवीत दोन लुगडी टाकली, गोळ्या घेतल्या अन् निघाले. कुठं जायचं ठरलं नव्हतं. गौलीगुड्याच्या बस अड्ड्यावरून बिदरची गाडी मिळते, पण बिदरला कोण होतं माझं. ऑटोवाल्यानं विचारलं, किधर अम्मा, माझ्या तोंडातून निघालं, सुलतान बाजार. सवय. तिथं आमच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकलेली होती. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होते, अन् डोक्यात कव्वाली सुरू, त्या दिवशी इतकी मोठी की बाजारच ऐकू येईना. म्हणलं, जवळ जाऊन बघावं, अन् रस्त्यावर पाय टाकला.

कुणीतरी मागून माझा दंड धरून असं ओढलं की मी खाली आपटले, अन् माझ्या नाकासमोरून बस गेली, तिचा वारा माझ्या तोंडाला लागला. ओढणारी बाई बांगड्यांच्या दुकानातली, माझ्याएवढीच. ती रागावून म्हणली, बहरी हो क्या अम्मा, कितना हॉर्न मारा उनो, पूरा बाजार सुना.

म्हणलं, मारा हॉर्न? मैं नई सुनी.

ताई, मी तिथं बसूनच राहिले. हॉर्न मला ऐकूच आला नव्हता. एकदासुद्धा नाही. तिनं पाणी दिलं, गुडघा पुसला, अन् मला विचारून माझ्या फोनवरून मेघनाला लावला. मेघना पाऊण तासात आली, ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच होतं. मला वाटलं आता सगळं संपलं, तर बोलूनच टाकावं. त्या बांगड्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी तिला सगळं सांगितलं. आत्याचं, खिडकीचं, बोटांचं. म्हणलं, मला वेडात काढू नको, अन् तिथं ठेवायचं असंल तर आठवड्यातून एकदा तरी येत जा, मला एकटीला खोलीत सोडू नको.

ती आधी समजलीच नाही, कुठं ठेवायचं. मग समजली. म्हणली, आई, अहो, मी माझ्या आईबद्दल बोलत होते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, दादा म्हणतो नंतर महिनाभर आईला तिथंच, पुण्याच्या दवाखान्यात ठेवायचं, जागा चांगली आहे, तर मी सांगत होते की नको, इकडं आणू. तुम्हाला अर्धंच ऐकू आलं.

अर्धंच ऐकू आलं. अन् मग तिनं काय विचारावं मला. तिनं माझे दोन्ही हात धरले अन् विचारलं, आत्ता काय वाजतंय.

इतक्या महिन्यांत हे विचारायला कुणी नव्हतं, मीच कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणलं, कव्वाली. म्हणली, कशी आहे. म्हणलं, चांगली आहे, पण अडकलीय. ती हसली थोडं अन् मग तिलाच रडू आलं, त्या बांगड्यावालीसमोर.

तिनं कानाच्या डॉक्टरणीकडं नेलं. एका काचेच्या पेटीत बसवलं, कानाला लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणले. मी बसून राहिले, मला वाटलं मशीन चालूच झालं नाही. बाहेरून बघितलं तर मेघनाचं तोंड उतरलेलं. मशीन केव्हाचं चालू होतं. डॉक्टरीणबाई तेलुगू, पण सावकाश हिंदीत समजावून सांगितलं. कान कमजोर झाले, बाहेरचं आत येणं कमी झालं, अन् मेंदू काही रिकामा बसत नाही, तो जुन्यातलं काढून वाजवतो. वेड नाही. लोकांना होतं हे, लोक सांगत नाहीत. मग विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का.

मी आत्याचं सांगायला तोंड उघडलं, अन् बंद केलं. कारण मला एकदम आठवलं की आत्याशी आम्ही सगळे ओरडून बोलायचो. भाकरी आणलीय असं मी दारातून ओरडायची, दोनदा, तीनदा. बहिरी होती ती. खाली बहिरी होती, नुसती बहिरी. अन् तिला धुरी दिली, कोंडली. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. भीती गेली असं वाटलं होतं, पण ती नुसती दुसरीकडं जाऊन बसली, हे काय केलं आम्ही लोकांनी, एवढंच मनात.

आता मशीन आहे कानाला, हे बघा. चपाती लाटते त्याचासुद्धा आवाज येतो. गाणी कमी झाली, गेली नाहीत. पण खरी कॅसेट लावली की मशीनमधून पत्र्यासारखी वाजते, अन् ही आतली, ही अजून दुकानातल्यासारखी, कोरी. डॉक्टरीणबाई म्हणल्या, कान अजून उतरतील. त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

तुम्हाला सांगायचं राहिलंच. लिहून घ्या. सकाळची कामं चालू असताना सनई, पण एकट्या सनईची, मागं फार गलका नको. कव्वाली ऐकायची तर दूध गॅसवर ठेवून ऐकू नका. गजल एका वेळी एकच बाजू, दोन्ही बाजू ऐकल्या की माणूस उगीच उदास होतं. इथल्या बायकांची बतुकम्माची गाणी ऐका, फुलांच्या सणाची, शब्द कळले नाहीत तरी पाय हलतात. जात्यावरच्या ओव्यांची आमच्या बिदरकडच्या बायकांची एक कॅसेट होती, कुठं मिळाली तर मला कळवा. पियानोची ऐका, पण पडून, डोळे मिटून. अन् सगळं हळू आवाजात. एवढं माझं ऐका.

परवा गंमत झाली. दोन दिवस आतलं काहीच वाजलं नाही. मेघना ऑफिसमधून आली की विचारते, आज काय, आई, तर मी म्हणलं, काही नाही ग. ती म्हणली, चांगलं आहे की. पण मला तिसऱ्या दिवशी दुपारी कसंतरी व्हायला लागलं, सारखं उठून खिडकीशी जायची. मग चारच्या सुमाराला बारीक सनई सुरू झाली, अन् मी बसले.

असं आहे. देव तुमचे कान सलामत ठेवो. चहा होणा का तुम्हाला, आणते.