उघाड

पावसात उघाड पडली की मले 'लवकर निघ' म्हणू नका कोणी. काहून, ते सांगतो.

आसेगावचे माहे काका. त्यायचा विलास काश्मिरात रस्त्यावरचा बर्फ काढाच्या मशीनवर होता. एका सकाळी त्याचा फोन आला. काकानं स्पीकरवर टाकला, मी बाजूलेच बसलो होतो.

"तीन दिवस बर्फ पडला, बाबा. आज ऊन निघालं, पण मी दोन दिवस मशीन काढत नाई."

काका भडकले. "उघाड भेटली अन् बसून राह्यला? इथं पाऊस उघडला की आमी हातातली भाकर टाकून फवाराले पळतो!"

"बाबा, इथं उघाडीचंच भेव असते. ऊन लागलं की डोंगरावरचा नवा बर्फ सुटते अन् खालचं सारं दाबून टाकते."

"कामचोरीचे बहाणे नोको सांगू मले!"

मी बी हासलो. मोठ्यानं हासलो, त्याले आयकू गेलं असन.

"बरं, निघतो," म्हणे तो.

मशीन दुसऱ्या दिवशी सापडली. विलास पाचव्या दिवशी.

यंदा तीन दिवस झड लागली, मंग सकाळी लख्ख ऊन पडलं. सारं गाव पाठीवर पंप घेऊन वावरात चाललं होतं. काकाचं सोयाबीन अळी खाऊन राह्यली होती अन् काका ओट्यावर बसले होते.

"काका, उघाड भेटली. निघत नाई का?"

त्यायनं आभाळाकडे पाह्यलं. "ऊन लागून राह्यलं, बावा. दोन दिवस थांब."

मी पंप उतरवला अन् त्यायच्या बाजूले बसलो.