बंदरावर टाकलेला प्रसाद

तोंड भिंतीकडे केलंत म्हणून मी उठून जाईन असं समजू नका, अप्पा. सून म्हणून या घरात आले तेव्हापासून मी तुमचा हट्ट पाहते आहे, आणि तुम्ही माझा. स्वयंपाकाच्या भामाबाईला मीच घरी पाठवलं – स्वयंपाकघरात ती रडत बसली होती, आणि रडण्याने काही निष्पन्न होत नाही. डॉक्टर जे म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले – ऐंशी ओलांडलेलं शरीर आहे, मूत्रपिंडं दमली आहेत, आज पोटात काही गेलं नाही तर उद्या लातूरला हलवा. त्यापुढचं त्यांनी मला अंगणात नेऊन सांगितलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. का सांगू? तुम्ही मला काही सांगता आहात का? जहाजावरून, विमानातून, गाडीतून घरी आलो, आणि तुम्ही अन्नाला शिवला नाहीत – चुकलं, तो शब्द मी वापरायला नको. प्रसाद घेतला नाहीत. पण पूजाच नाही तर प्रसाद कुठला? गळ्यातली करडिगे उघडलेलीच नाही. त्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेतल्याशिवाय ईश्वरप्पा घास तोंडात घालत नाहीत, हे उदगीरच्या आडत बाजारातला हमालही सांगेल. म्हणजे तुम्ही उपोषण करत नाही आहात. तुम्ही फक्त पूजा करत नाही आहात, बाकीचं आपोआप होतं आहे. बरोबर ना? – मान तरी हलवा.

मी महांतेशला आधीच सांगितलं होतं, आजोबांना जहाजावर नको. पण नातवाला तिकडे परदेशात नोकरी लागल्यापासून एकच ध्यास – अप्पांना समुद्र दाखवायचा. आणि खरं सांगायचं तर मीही विरघळले. इथे बोअर कोरडी, नळाची वाट पाहणं सोडून दिलेलं, टँकरचा भोंगा वाजला की प्राध्यापिका असो की कुणी असो, घागर घेऊन पळायचं – वाटलं, थोडे दिवस सुटका. कसली सुटका? जहाजावर तुम्ही मजल्यामजल्यावर फिरून लोकांचे नळ बंद करत होतात. तो गोरा म्हातारा दाढी करत होता, अप्पा, निदान त्याचा तरी सोडायचा. आणि ते जेवणघर – अर्ध्यावर सोडलेल्या ताटांचे डोंगर, आणि मधोमध तुम्ही. ताट बोटाने निपटून, त्यात पाणी घालून, ते पिऊन टाकलंत. वाढप्याला वाटलं तुम्हाला पेला मिळाला नाही, त्याने बिचाऱ्याने पेल्यांचा ट्रेच आणून ठेवला. – हसलात? नाही. मला तसं वाटलं.

बरं. बंदराचं बोलू. तेच बोलायचं आहे ना? त्या दिवशी बोट धक्क्याला लागली, सूचना झाली – किनाऱ्यावर उतरताना जहाजावरचं खाणं बरोबर नेऊ नये. मी ती तुम्हाला मराठीत सांगितली. फॉर्मवर प्रश्न होता, बरोबर काही अन्न नेत आहात का. मी विचारलं, तुम्ही म्हणालात, "न्हाई". मी 'नाही'वर खूण केली. तोवर उतरायची घाई सुरू झालेली, महांतेश पुढे गेलेला, मी तुम्हाला अर्ध्या ताटावरून उठवलं. आणि तुम्ही काय केलंत – लिंगाला दाखवलेली दोन केळी, सफरचंद आणि पावाचे तुकडे उपरण्यात बांधून कमरेला खोचलेत. ताट टाकून उठायचं नसतं, म्हणून. किनाऱ्यावर कुठे सावलीला बसून संपवणार होतात. तपासणीचा तो कुत्रा आला, हुंगला आणि तुमच्या पायाशी शहाण्यासारखा बसला, तुम्ही त्याला कुरवाळायला वाकलात – तुम्हाला वाटलं पाळीव आहे. ती हातमोजे घातलेली तपासणीवाली मुलगी, आवाज किती मऊ होता तिचा – तिने गाठ सोडायला लावली. आणि विचारलं की आजोबांनी अन्न नाही असं का लिहून दिलं.

तुम्ही खोटं बोलला नव्हता. हे मला माहीत आहे, अप्पा. लिंगाला दाखवेपर्यंत तो पदार्थ, दाखवला की प्रसाद. तुमच्या लेखी त्या उपरण्यात अन्न नव्हतंच. पाच पिढ्यांत तुमच्या आडतीच्या तराजूवर कुणी बोट ठेवलं नाही, आणि त्या परक्या धक्क्यावर, रांगेतले सगळे पाहत असताना, तुम्ही लबाड ठरलात. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "हे काय हाय ते सांग तिला, उमव्वा." एवढंच म्हणालात.

आता नीट ऐका, कारण मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. ती फळं डब्यात टाकली, ते योग्य झालं. मी आजही त्या मुलीच्या बाजूने आहे. फळमाशी सालीखाली अंडी घालते, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि विभूती लावल्याने ती मरत नाहीत, अप्पा – एक केळं आत गेलं तर त्या देशाच्या बागा बसतील. हे मी जन्मभर शिकवलं आहे, त्याची मी क्षमा मागणार नाही. तुम्ही मला ओळखता. पण तुम्ही सांग म्हणालात आणि मी तिला इंग्रजीत सांगितलं – म्हातारे आहेत, मनावर घेऊ नका, नुसतं खाणं आहे. नुसतं. एवढं इंग्रजी तुम्हाला कळतं, महांतेशबरोबर मीच तुम्हाला शिकवलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मग स्वतःच्या हाताने ते डब्यात टाकलंत. तिने लावलं नाही, मी लावलं नाही. तुम्हीच. आणि त्यानंतर तो हात करडिगेला लागलेला नाही.

ते विधान मला तपासायचं आहे. नुसतं खाणं. थांबा, पुरावा आहे माझ्याकडे. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता ते वर्ष, आठवतं? सगळं गाव कचेऱ्या कुठे होणार हेच बोलत होतं, आणि तुम्ही नव्या सुनेला एम.एस्सी.साठी औरंगाबादला धाडलंत. बाजारात रेवणप्पांनी टोमणा मारला, जिल्हा झाला म्हणून सुनेला कलेक्टर करता काय, तुम्ही म्हणालात, "व्हय, पयली धाड तुझ्याच गोदामावर." आणि रोज पहाटे पूजा झाली की माझा डबा – पूजेतला, आधी लिंगाला दाखवलेला – कंडक्टरच्या सीटखाली ठेवून यायचात. एकदा ती एसटी घाटात बंद पडली. डबा दुसऱ्या दिवशी आला. धपाट्यांना वास येत होता. मुली म्हणाल्या, फेक. मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून ती सगळी खाल्ली. का खाल्ली? भूक नव्हती, खानावळीत जेवून आले होते – म्हणजे भूक हे कारण बाद. पुण्य – मी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते, बाद. तुमची भीती? तुम्हाला कसं कळणार होतं, तेही बाद. मग उरतं काय? मला ठाऊक नाही. इतकी वर्षं मी त्याला नाव दिलेलं नाही. त्यात पाणी घालून तो डबाही मी – हो. प्यायले. तुमच्यासारखंच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही, तुम्हाला तर नाहीच. तुम्हाला वाटलं असतं, सून हरली. आता हे नाहीत, महांतेश समुद्रापलीकडे आहे, या घरात तुमच्याशिवाय मला उमव्वा म्हणणारं माणूस उरलेलं नाही, आणि तुम्ही भिंतीकडे पाहता आहात. मी त्या मुलीला चुकीचं सांगितलं, अप्पा. ते नुसतं खाणं नव्हतं. काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण नुसतं नव्हतं –

काय? काय म्हणालात? उठू नका एकदम – थांबा, पाठीला उशी देते. तक्क्याला टेका. करडिगेचं झाकण मी उघडू? नाही, नाही, मी हात लावत नाही, तुमचं तुम्ही उघडा. सावकाश. पाणी आहे ना, आहे, सकाळी टँकरचं गाळून तांब्याभर वेगळं ठेवलं होतं. का ठेवलं ते विचारू नका. अंगणातलं बेलपान – बरं, बरं. नुसतं पाणी चालेल. कळलं. पूजेच्या वेळी बोलू नये. हे बघा, गप्प ब –